अर्डेलाचं निळं भांडं

२७ ऑगस्ट, मंगळवार

दोनशे अडुसष्ट पौंड. काटा बिघडला असेल म्हणून उतरून परत चढले. दोनशे अडुसष्टच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गुडघा बदलून देते, पण अडीचशेच्या आत या. त्याच्यावर असलात तर इथं कुणी हात लावणार नाही. बारा नोव्हेंबरला परत वजन करू. मी म्हटलं, बाई, हा गुडघा तीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईघरात उभं राहून गेलाय, खाऊन नाही. म्हणाल्या, मला माहितीये, काट्याला माहीत नाही.

वही त्यांनीच दिली. रोज काय खाल्लं ते लिहा. बरं, लिहिते. सकाळी – कॉफी, दोन टोस्ट. दुपारी – नुसता राग.

३० ऑगस्ट, शुक्रवार

हाउसिंगच्या ऑफिसचं पत्र आलं. दोन वर्षांपूर्वी लिफ्ट अकरा दिवस बंद होती, तेव्हा मीच रागाच्या भरात तळमजल्याच्या घरासाठी अर्ज टाकला होता. विसरूनही गेले होते. आता म्हणे नंबर लागला! घर क्लीव्हलंडच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. तिथं मी कुणाला ओळखत नाही, मला कुणी ओळखत नाही. हो की नाही, ते पंधरा नोव्हेंबरपर्यंत सही करून द्यायचं.

गोष्ट सरळ आहे. गुडघा झाला तर तिसरा मजला जमेल. मग 'नाही' म्हणून सही करायची आणि इथंच राहायचं. गुडघा नाही झाला तर या हिवाळ्यात बेचाळीस पायऱ्या मला जमणार नाहीत, आणि लिफ्टचा काय भरवसा. अठरा पौंड उतरले तर ही बिल्डिंग, आमचं गार्लंड कोर्ट, माझं, नाहीतर सव्वीस वर्षांचा संसार गुंडाळायचा.

कुणाला सांगणार नाही. सांगितलं तर समोरची अर्डेला आख्खी बिल्डिंग घेऊन ऑफिसवर जाईल, आणि तिथले पिंकनीसाहेब सगळ्यांच्या देखत माझाच अर्ज काढून दाखवतील – हिलाच जायचं होतं! मग मी तोंड कुठं लपवू? अर्डेलाला तर मी तेव्हाही काही बोलले नव्हते.

२ सप्टेंबर, सोमवार

कामगार दिनाची सुट्टी. अंगणात शेगड्या पेटल्या, बरगड्या भाजल्या, धूर तिसऱ्या मजल्यापर्यंत. मी ठरवून सॅलड घेऊन खाली गेले.

पाचला फाटकाजवळ आमच्या घडीच्या खुर्च्या लागतात. रोज लागतात, आज जरा जास्त लागल्या. मी डॉक्टरांचं सांगितलं. पत्राचं नाही, फक्त वजनाचं.

अर्डेला म्हणाली, "अठरा पौंड? अगं, तेवढी तर तुझी एक बाजू आहे. दुसरीला काय वाटेल?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, हसण्यासारखंच होतं. मिस ओडेट म्हणजे आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या, एक्क्याऐंशीच्या, पहिल्या मजल्यावरच्या. त्या पंखा हलवत म्हणाल्या, "पोरी, बारीक झालेल्या तिघींना मी स्वतः पोचवून आलेय. डॉक्टरांच्या तक्त्यात आपल्यासारख्यांची मापं नसतातच."

मग अर्डेलाने माझ्या मांडीवर ताट ठेवलं. सॅलड कुठं गेलं ते कळलंच नाही. बहुतेक कुणीतरी माशा बसू नयेत म्हणून बरगड्यांवर झाकण घालायला वापरलं.

खाल्लं – सगळं.

८ सप्टेंबर, रविवार

दोनशे सहासष्ट. चालायला लागलेय म्हणून. बिल्डिंगला एक फेरी, काठी टेकत. फेरी मारायची म्हणजे फाटकासमोरून जायला लागतं, आणि फाटकात त्या सगळ्या बसलेल्या.

"व्हिनी, बस चुकली का गं?"

"अगं, कुत्रं मागे लागलंय तिच्या."

"लागलं असतं तर एव्हाना सापडली असती."

दुसऱ्या फेरीला अर्डेलाने माझी खुर्ची उघडून पुढे सरकवली आणि हाताने थोपटली. ये, बस, दमलीस. तिच्या डोळ्यांत खोटं नव्हतं. मी दमले होतेच, बसले. थंडगार गोड चहाचा ग्लास हातात आला.

चिडू कुणावर? तिने चहा दिला, विष नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

दोनशे एकोणसत्तर!

वाढलं! उपाशी राहून वाढलं! नाही, उपाशी कुठली. या वहीत तरी खरं लिहावं. चर्चहून आल्यावर अर्डेलाचं निळं भांडं आलं. काठोकाठ मॅकरोनी-चीज, वरून खरपूस. आता गार्लंड कोर्टात भांडं रिकामं परत जात नाही. आलं ते खायचं, घासायचं, आपलं काहीतरी भरून पाठवायचं. मी पीचचं गोड कॉबलर भाजलं. कॉबलर करायचं तर चाखायला लागतं. ते गेलं, की दोन दिवसांनी तळलेला मासा घेऊन भांडं परत दारात. असं सव्वीस वर्षं चाललंय. एकच निळं भांडं, एका दारातून दुसऱ्या दारात.

दुसऱ्या मजल्यावर एक बाई होती, तिने एकदा मिस ओडेटचं केकचं भांडं नुसतं धुऊन परत दिलं. नवीन होती, तिला माहीत नव्हतं. रिकामं भांडं म्हणजे आपलं इथं संपलं, असाच अर्थ घेतात. वर्षभर कुणी तिच्या शेजारी खुर्ची लावली नाही. शेवटी गेली बिचारी. मीही नव्हती लावली.

आणि अर्डेलाला नको कोणत्या तोंडाने म्हणू? माझा नवरा हर्शेल गेला तेव्हा मी पलंगावरून उठत नव्हते. दीड महिना ती रोज ताट घेऊन आली. खायला नको म्हटलं तर बाजूला बसून राहायची, गप्प, ताट मांडीवर धरून, मी एक घास घेईपर्यंत. तिच्या ताटांवरच मी परत उभी राहिले. आता त्याच ताटांनी मला उभं राहता येत नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

एक वाईट गोष्ट केली.

जिन्याजवळ कचऱ्याची झडप आहे. उघडली की सगळं घरंगळत थेट तळघरात. अर्डेलाने ताट पाठवलं होतं, वर फॉइल, फॉइलवर मार्करने 'व्हिनी' – चर्चच्या जेवणांत लिहायची सवय, ती घरीही तसंच लिहिते. तिचं 'व्हि' नेहमी तिरकं, पडायला आल्यासारखं. मी फॉइलसकट पिशवीत घातलं आणि झडप उघडली. खाली जाताना आवाज फार वेळ येत राहिला.

रात्रीचं जेवण – उकडलेली फरसबी, अर्धी कोंबडी. आणि शरम.

६ ऑक्टोबर, रविवार

दोनशे एकसष्ट. आठ पौंड!

आठवड्यातून तीन-चारदा झडप उघडते. भांडं मात्र भरून परत करते, माझं कॉबलर चालूच. "मासा कसा झाला?" – "मस्त." "तिखट जास्त नाही ना?" – "नाही गं, बरोबर." इतकं सराईत खोटं मी हर्शेलशीही कधी बोलले नव्हते.

आज म्हणाली, "गालफडं बसलीत तुझी. तू खातेस की नाही?" आणि उद्यापासून जास्त पाठवते म्हणाली. हसावं की रडावं!

११ ऑक्टोबर, शुक्रवार

कचऱ्याचा पाइप तुंबला. तीन दिवस तुंबलाय आणि ऑफिस म्हणतं माणूस येतोय. सगळ्यांनी आपापला कचरा खाली मोठ्या डब्यांपाशी नेऊन टाकावा. मी काल मिस ओडेटच्या नातवाबरोबर माझी पिशवी खाली पाठवली. रात्रीतून रॅकूनांनी डब्यांचा धिंगाणा घातला. सकाळी सगळं पसरलेलं, आणि सकाळी सगळ्यांत आधी कचरा घेऊन उतरते ती अर्डेला.

दुपारी दार वाजलं. तिच्या हातात फॉइल. 'व्हिनी'. आत मासा तसाच, न मोडलेला.

म्हणाली, "कुणाला दिलं असतंस तर काही वाटलं नसतं. कुत्र्याला दिलं असतंस तरी चाललं असतं."

मी म्हटलं, "मला अडीचशेच्या आत यायचंय, तुला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस? हसत हसत सांगितलं होतंस. मला वाटलं गंमत करतेस."

"तुम्हीच हसलात."

"आणि तू? तू नाही हसलीस?"

तिथंच थांबायला हवं होतं. पण महिनाभराचा राग होता – गुडघ्याचा, जिन्याचा, पिंकनीच्या पत्राचा – सगळा तिच्यावर निघाला. मी म्हटलं, "तुला लोकांना चारल्याशिवाय झोप येत नाही. हर्शेललाही तूच असं चारत होतीस. बघ काय झालं ते."

तिने फॉइल नीट घडी करून माझ्या दाराच्या मुठीवर ठेवलं, आणि समोरचं तिचं दार लागलं. आपटलं नाही, नुसतं लागलं.

हर्शेलला मासा कोण तळून द्यायचं? मी. रोज. अर्डेलाचं आठवड्यातून एकदा यायचं. हे मला तोंडातून शब्द निघाले तेव्हाही माहीत होतं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

निळं भांडं माझ्याकडेच होतं. घासलं आणि तिच्या दाराशी ठेवून आले. रिकामं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

का ठेवलं रिकामं? माफी मागायला गेले असते तर भरून नेलं असतं. कॉबलरसाठी पीचेस कापायला घेतलेही होते. मग वाटलं, मीच का? फॉइल तिने मुठीवर ठेवलं! आता बसा.

२० ऑक्टोबर, रविवार

दोनशे पंचावन्न.

खूश व्हायला हवं. पाचला खाली गेले. माझी खुर्ची भिंतीला टेकवलेली, घडी घातलेली. कुणी काही बोललं नाही, कुणी खुर्ची उघडलीही नाही. मी स्वतः उघडून बसले. पाच मिनिटांत एक जण टीव्हीसाठी उठली, दुसरीला फोन आला. अर्डेला आलीच नव्हती. त्या नवीन बाईचं तेव्हा असंच झालं होतं.

फेरी मारली. कुणी "बस चुकली का" विचारलं नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

कुणाशी बोलले – कुणाशीच नाही. फार्मसीतल्या मुलीशी, "पिशवी नको."

३१ ऑक्टोबर, गुरुवार

दोनशे एकोणसाठ!

पोरं येतील म्हणून चॉकलेटं आणून ठेवली होती. तिसऱ्या मजल्यावर कोण येतंय, लिफ्ट बंद. दोन वर्षांमागे अर्डेला नि मी दारं उघडी टाकून बसलो होतो, तिने चेटकिणीची टोपी घातली होती, आणि पोरं जिना चढून आली होती फक्त तिला बघायला. आज मी टीव्हीसमोर बसून एकेक कागद सोडत गेले. मांडीवर कागदांचा ढीग.

कुणी आग्रह केला नाही, कुणी ताट पुढे केलं नाही, कुणी हसलं नाही. तरी चार पौंड. ताटं येत होती म्हणून खाल्लं हे खरं. आता ताटं येत नाहीत म्हणून खाते, त्याचं काय करू? डॉक्टरीणबाईंच्या वहीत याचा रकाना नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

मिस ओडेटनी बोलावणं धाडलं. दोन मजले उतरायला मला तेवढा वेळ लागत नाही जेवढा त्यांच्या दारात उभं राहायला लागला.

म्हणाल्या, "बस. खायला देत नाही, घाबरू नकोस."

मग सांगितलं. अर्डेला गेल्या गुरुवारी खाली कपडे धुवायच्या खोलीत चक्कर येऊन पडली. साखर. चार वर्षांपासून आहे म्हणे, कुणाला कळू दिलं नाही. डॉक्टरने तिलाही वजन उतरवायला सांगितलंय, तेही कुणाला सांगितलं नाही.

"मग ती एवढं रांधते कशाला?"

"स्वतः खाता येत नाही म्हणून तर रांधते. तुला कळत नाही का पोरी? आणि तू हर्शेलचं बोललीस ना, त्यावर म्हणाली – व्हिनी अगदीच खोटं बोलली नाही, म्हणून लागलं."

मी म्हटलं, ते खोटं होतं. मिस ओडेट म्हणाल्या, मला कशाला सांगतेस, मी कुठं तिसऱ्या मजल्यावर राहते.

वर आले. तिच्या दाराशी उभी राहिले. आत टीव्ही चालू होता. वाजवायला हात उचलला. काय म्हणणार – तुझी साखर मला कळली? ती मेली तरी मला माफ करणार नाही. परत आले. भित्री कुठली!

९ नोव्हेंबर, शनिवार

रोज चार फेऱ्या, पावसात, काठी घसरते. सकाळी अंडं, दुपारी सूप, रात्री सूप. सूपची शिसारी आलीय. तीन दिवस उरले.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दोनशे त्रेपन्न.

तीन पौंड. तीन! बूट काढले, स्वेटर काढला, कानातलं काढलं. नर्स म्हणाली, कानातल्याने काही होत नाही हो. मी म्हटलं, होऊ दे तरी.

डॉक्टरीणबाई खूश. पंधरा उतरवलेत, कमाल केलीत. कमाल काय चाटायचीय? म्हणाल्या, हिवाळ्यात वाढू देऊ नका, फेब्रुवारीत या, तारीख देतेच. मग वही चाळली. दोन-तीन पानांवर थांबल्या. विचारलं, "घरी सोबत कोण आहे? एकट्याने हे होत नाही. फेब्रुवारीपर्यंत तर नाहीच."

बिल्डिंगभर माणसं आहेत, आणि कोण आहे विचारलं तर एक नाव सांगता येईना. बसमध्ये रडले. शेजारच्या माणसाने रुमाल देऊ केला, नको म्हटलं. नको म्हणायची सवयच झालीय आता.

१३ नोव्हेंबर, बुधवार

फॉर्म काढला. 'हो'समोर खूण केली. सही राहिलीय, उद्या दिवसभर आहे, परवा ऑफिसात द्यायचा. चार महिने हिवाळा, बेचाळीस पायऱ्या आणि समोरचं बंद दार – त्यापेक्षा परकी माणसं बरी. त्यांच्याशी निदान भांडण नाही.

जाते आहे हे मिस ओडेटना सांगणं भाग होतं. सगळं सांगितलं. पत्र, जुना अर्ज, गुडघा, पंधरा तारीख, कालचे तीन पौंड. त्या पंखा हलवायच्या थांबल्या. थंडीतही त्यांचा पंखा चालू असतो.

"हे ऑगस्टमध्ये का नाही सांगितलंस?"

"सांगून काय केलं असतंत?"

"तळायचं थांबवलं असतं, बावळट! तुला राहायचंय म्हणून उतरवायचंय हे सांगितलं असतंस तर फाटकात मी कुणाला चहात साखर घालू दिली असती का? तू म्हणालीस डॉक्टर म्हणतात. डॉक्टर काय, आम्हाला सगळ्यांनाच म्हणतात."

मग म्हणाल्या, जा, मला जरा जिना चढायचाय. एक्क्याऐंशी वर्षांची बाई! मी अडवलं तर काठी उगारली. त्या कठडा धरून एकेक पायरी वर, मी खाली उभी, पायऱ्या मोजत. अर्धा तास लागला असेल. वरचं दार उघडल्याचं ऐकलं, लागल्याचंही ऐकलं. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी दार उघडलं तर चटईवर निळं भांडं. घासलेलं, पुसलेलं, रिकामं. वाटलं, झालं. आता तिनेही संपवलं.

उचललं तर तळाशी फॉइलचा तुकडा चिकटवलेला. मार्करने, तिरक्या 'व्हि'चं –

'व्हिनी. तुझे तीन. माझे तीस. उद्या सकाळी सातला खाली. बूट घाल.'

'हो' खोडलं. 'नाही'समोर खूण केली, सही केली.

भांडं उद्या परत द्यायचंय. रिकामंच देईन.